वर्कस्पेस आणि स्क्रिप्ट : संगणकीय पाठाभ्यासातील प्रमाणाचा प्रश्न

शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. मराठी वाङ्मयावर त्यांचे हे ऋण फार मोठे आहे. तथापि त्यांनी कोणते पाठ पाहिले आणि कोणते त्याज्य ठरवले, याचा तपशील त्या प्रतीतून हाती लागत नाही. याउलट पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत स्वीकृत संहितेखाली पानोपानी पाठभेद नोंदलेले आहेत. संपादकाचा निर्णय न पटल्यास वाचकाला त्याच सामग्रीवरून वेगळा निर्णय करता येतो. पहिल्या प्रकारात निष्पत्ती हाती येते. दुसऱ्यात निष्पत्तीबरोबर तिच्याकडे नेणारी वाटही हाती येते. साहित्याच्या अभ्यासात संगणकाचा प्रवेश झाल्यापासून हाच भेद एका नव्या रूपात अभ्यासकांपुढे उभा आहे.

काही संगणकभाषा संवादी स्वरूपाच्या असतात. अभ्यासक एक आज्ञा लिहितो, उत्तर पाहतो आणि त्यावरून पुढची आज्ञा ठरवतो. या संवादात निर्माण झालेल्या याद्या, कोष्टके, संख्या यांना नावे दिली जातात आणि ती यंत्राच्या स्मृतीत राहतात. या साऱ्या संचाला वर्कस्पेस म्हणतात. केनेथ आयव्हरसन यांच्या एपीएल या भाषेने १९६० नंतरच्या दशकात असा संच जतन करून पुन्हा उघडण्याची सोय रूढ केली. बेल प्रयोगशाळेत १९७६ मध्ये सुरू झालेली एस ही भाषा आणि तिच्या वळणावर न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे रॉस इहाका व रॉबर्ट जेंटलमन यांनी रचलेली आर ही भाषा यांतही ती सोय आहे. आर बंद करताना वर्कस्पेस जतन करावयाचे काय, असा प्रश्न येतो. होकार दिल्यास सर्व वस्तू त्या फोल्डरमधील एका फाईलीत साठतात, आणि पुढील वेळी तेथूनच काम सुरू केल्यास त्या आपोआप स्मृतीत परततात. स्क्रिप्ट म्हणजे आज्ञांचा क्रमवार लेख. तिच्यात सहसा उत्तरे नसतात. उत्तरे कशी काढावयाची, एवढेच असते.

या दोहोंतील अंतर एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. टिळकांचे ‘गीतारहस्य’ १९१५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचा हिंदी अनुवाद करणारे माधवराव सप्रे हे मराठीभाषक होते आणि त्यांचे रायपूर येथे दीर्घकाळ वास्तव्य होते. समजा, रायपूरचा एखादा अभ्यासक मूळ ग्रंथ व अनुवाद यांतील पारिभाषिक शब्दांची वारंवारता आरच्या साहाय्याने मोजू लागला. लवकरच त्याच्या ध्यानात येते की मराठीतील ‘दुसऱ्या’ हा शब्द युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिला जातो. डोळ्यांना रूप एकच दिसते. यंत्राला मात्र ते दोन शब्द वाटतात. हिंदीतील ‘बड़ा’ या शब्दाच्या नुक्त्याचीही तीच गत आहे. अभ्यासक चार आज्ञा देऊन ही रूपे एक करतो, वर्कस्पेस जतन करतो आणि निश्चिंत होतो. महिन्याभराने तो शब्दगणनेची नीटस स्क्रिप्ट लिहितो. परंतु शुद्धीकरणाच्या त्या चार ओळी तिच्यात येत नाहीत, कारण शुद्ध झालेली संहिता स्मृतीत हजरच असते. त्याच्या यंत्रावर स्क्रिप्ट बिनचूक चालते. नागपूरच्या सहकाऱ्याकडे ती पहिल्याच ओळीवर अडते. सहकारी मूळ फाईल वाचण्याची ओळ स्वतः घालतो, तेव्हा आकडे निराळे येतात. कोणाचे आकडे खरे, हे सांगण्याचे साधन कोणापाशीच उरत नाही.

येथे निदान विसंगती उघड तरी झाली. अधिक घातक प्रकार मूक असतो. वगळावयाच्या अव्ययांच्या यादीचे नाव अभ्यासकाने स्क्रिप्टमध्ये बदलले, पण एका ठिकाणी जुने नाव राहून गेले, असे समजू. रिकाम्या स्मृतीत यंत्र लगेच तक्रार करील. जतन केलेल्या वर्कस्पेसमध्ये मात्र जुनी यादी अद्याप जिवंत असते. ती मुकाट्याने पुढे होते आणि चुकीची संख्या छापखान्यापर्यंत पोहोचते.

याचा अर्थ जतन करणेच दोषास्पद आहे, असा नव्हे. काही गणनांना तासन् तास लागतात; त्यांची निष्पत्ती साठवणे शहाणपणाचेच असते. परंतु ती नाव देऊन, स्वतंत्र फाईलीत आणि स्क्रिप्टमधील आज्ञेनेच साठवावी, म्हणजे तिचे कूळ कळते. दिलेल्या आज्ञांचा इतिहासही आर स्वतंत्रपणे राखू शकते. पण त्यात चुका, फेरप्रयत्न व अंतिम निर्णय एकाच रांगेत बसलेले असतात. ते कच्चे टिपण होय, संहिता नव्हे.

स्क्रिप्टचे प्रामाण्यही निरपेक्ष नाही. आरच्या २०२० मधील ४.०.० या आवृत्तीपासून कोष्टकातील मजकुराचे स्तंभ आपोआप वर्गनामांत रूपांतरित करण्याची जुनी पद्धत बंद झाली. त्यामुळे तोच लेख जुन्या व नव्या आवृत्तीत वेगळा वागू शकतो. म्हणून स्क्रिप्टबरोबर मूळ अस्पर्शित फाईल आणि वापरलेल्या आवृत्तीची नोंद ठेवणे अगत्याचे आहे. हस्तलिखिताचे वर्णन न देता पाठ छापणाऱ्या संपादकावर जो आक्षेप येतो, तोच अन्यथा येथेही येईल.

व्यवहारात कसोटी सोपी आहे. लेखात आकडा घालण्यापूर्वी स्मृती पूर्ण रिकामी करून आरंभापासून स्क्रिप्ट चालवावी. तोच आकडा आला तर तो लेखात जावा. न आला तर तो अद्याप अभ्यासकाच्या यंत्राचा आहे, अभ्यासाचा नव्हे. एकनाथांच्या निर्णयांमागे त्यांचा अधिकार उभा होता. वर्कस्पेसमागे तसा कोणताही अधिकार नाही; तेथे नोंद हेच एकमेव प्रमाण आहे.