सराव फेऱ्यांचे आकडे कसे वाचावेत?

पिंपरी : मोटारी घडविणाऱ्या पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्याचे शर्यतींशीही नाते आहे. चाकणच्या कारखान्यात तेव्हा तयार होत असलेल्या फोक्सवॅगन पोलोची चषक शर्यत २०१० मध्ये सुरू झाली. निगडीच्या पिंपरी चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांनी स्वतः बांधलेल्या गाड्या ‘फॉर्म्युला भारत’ स्पर्धेत उतरविल्या आहेत. अशा शर्यतींपूर्वी होणाऱ्या सरावावरून गाडीचा खरा वेग ओळखता येतो का?

येतो; मात्र केवळ सर्वांत वेगवान फेरीवरून नव्हे. ग्रेटर नोएडा येथील २०११ च्या इंडियन ग्रां प्रीचे उदाहरण बोलके आहे. शुक्रवारच्या पहिल्या सत्रात लुईस हॅमिल्टन आणि दुसऱ्या सत्रात फेलिपे मासा अव्वल ठरले. रविवारी, ३० ऑक्टोबरला, शर्यत जिंकली ती सेबॅस्टियन वेटेलने. हॅमिल्टन सातवा आला, तर मासाला शर्यत अर्धवट सोडावी लागली.

इंधन आणि टायर

सरावात कोणत्या गाडीत किती इंधन आहे, हे प्रेक्षकांना कळत नाही. फॉर्म्युला वनमध्ये दहा किलो इंधनामागे फेरीला सुमारे ०.३ सेकंद जास्त लागतात, असा ढोबळ हिशेब आहे. म्हणजे पन्नास किलोचा फरक दीड सेकंदाचा होतो. नवे, मऊ टायर वेळ आणखी कमी करतात. सत्र पुढे सरकते तसा ट्रॅकवर रबराचा थर बसून पकड वाढते. त्यामुळे सकाळची वेळ आणि सायंकाळची वेळ यांची तुलना फसवी ठरते.

यासाठी सलग आठ-दहा फेऱ्यांच्या वेळा लिहून घ्याव्यात. पिटमधून बाहेर पडतानाची, परततानाची आणि वाहतुकीत अडकलेली फेरी वगळावी. उरलेल्या वेळा किती स्थिर आहेत, हे पाहावे. पहिला नग पास झाला म्हणून सारा लॉट पास होत नाही, हे येथील कामगारांना सांगायला नको.

वळणावर नजर

गाडीची हाताळणी सरळ रस्त्यावर नव्हे, वळणावर कळते. चालक स्टिअरिंग वाढवीत असूनही पुढची चाके बाहेर सरकत असतील, तर तो अंडरस्टिअर होय. पोलोसारख्या पुढील चाकांना शक्ती मिळणाऱ्या गाड्यांत तो सहज आढळतो. मागची बाजू निसटून चालकाला उलट स्टिअरिंग द्यावे लागले, तर तो ओव्हरस्टिअर. कानही उघडे ठेवावेत : वळणातून बाहेर पडताना इंजिनाचा आवाज लवकर आणि न अडखळता चढला, तर चालकाचा गाडीवर विश्वास आहे असे समजावे.

विद्यार्थ्यांच्या स्पर्धेत तर हे अधिकच महत्त्वाचे. तेथील सहनशक्तीची शर्यत सुमारे २२ किलोमीटरची असते आणि मध्यावर चालक बदलतो. त्या अंतरात गाडी बंद पडली, तर वर्षभराच्या मेहनतीचे गुण हातचे जातात. म्हणूनच सरावात एक झटपट फेरी मारण्यापेक्षा पूर्ण अंतर एकदा कापून पाहणे हिताचे ठरते.