पाच डॉलरचं तिकीट
(लेखमाला – स्वतंत्र संगीताचं अर्थकारण : लेखांक ६)

गेल्या लेखांकात आपण रेकॉर्ड कंपनीची उचल पाहिली. कंपनी बँडला आगाऊ रक्कम देते, स्टुडिओचा खर्च त्यातूनच भागतो आणि ती रॉयल्टीतून वळती होईपर्यंत वादकांच्या हाती फारसं काही पडत नाही. ध्वनिमुद्रणाची मालकी मात्र बहुधा कंपनीकडेच राहते. हे ज्याला नको असेल त्याने एकट्याने वाट काढावी, असं सर्रास सांगितलं जातं. स्वतंत्र कलावंत म्हणजे कुणाचं न ऐकणारा एकांडा शिलेदार, ही प्रतिमा त्यातूनच तयार होते. वॉशिंग्टन डीसीचे रॉक गायक आणि गिटारवादक इयन मकाय यांची चार दशकांची कारकीर्द या प्रतिमेत बसत नाही. मायनर थ्रेट, एम्ब्रेस, फुगाझी, द इव्हन्स, कोरिकी अशी ती सगळी बँडच्या नावांनी ओळखली जाते. कुणावर आणि कोणत्या अटींवर अवलंबून राहायचं हे ज्याचं त्याला ठरवता येणं, एवढाच त्यांच्या स्वातंत्र्याचा अर्थ दिसतो.

सुरुवात १९८०ची. टीन आयडल्स हा मकाय आणि त्यांच्या शाळकरी मित्रांचा बँड मोडला, तेव्हा कार्यक्रमांतून साठलेले सुमारे ६०० डॉलर गाठीशी होते. ते वाटून घेण्याऐवजी त्यांनी बँडची गाणी तबकडीवर काढायची ठरवली, आणि त्यासाठी मकाय आणि ड्रमवादक जेफ नेल्सन यांनी ‘डिस्कॉर्ड’ हे लेबल सुरू केलं. वेष्टनं छापून चिकटवून घेणं परवडणारं नव्हतं. म्हणून एका तयार तबकडीचं वेष्टन उकलून कागदावर त्याचा आकार गिरवला, त्याबरहुकूम छपाई करून घेतली आणि मित्रमंडळींनी बसून हजारभर वेष्टनं कात्रीने कापली, दुमडली, चिकटवली. पुढे लेबल वाढलं तरी रीत फारशी बदलली नाही. बँडशी लेखी करार नाही, खर्च निघाल्यावर नफ्याची वाटणी, आणि प्रकाशन जवळजवळ फक्त आपल्याच शहरातल्या बँडचं. ध्वनिमुद्रणासाठी डॉन झिएंटारा यांचा आर्लिंग्टनमधला ‘इनर इअर’ स्टुडिओ होता, तर तबकड्या काढण्याचं आणि वितरणाचं काम लंडनच्या ‘सदर्न’चे जॉन लोडर पाहत. बड्या कंपनीची सगळी खाती इथेही होती. फरक इतकाच, की ती वेगवेगळ्या माणसांकडे होती.

या रचनेचा कस लागला तो १९८७मध्ये उभ्या राहिलेल्या फुगाझीत. मकाय यांच्यासोबत बासवर जो लॅली आणि ड्रमवर ब्रेंडन कँटी होते. गी पिचोटो आधी गायक म्हणून आले आणि ‘रिपीटर’ (१९९०) या अल्बमपासून गिटारही वाजवू लागले. कार्यक्रमाचं तिकीट शक्यतो पाच डॉलर आणि प्रवेश सर्व वयाच्या लोकांना, असा त्यांचा शिरस्ता होता. हे औदार्य वाटतं, पण त्यामागे काटेकोर गणित होतं. नेहमी आधी खर्च मोजतात आणि मग तिकीट ठरवतात. इथे तिकीट आधी ठरलं आणि खर्च त्यात बसवला गेला. व्यवस्थापक नाही, कार्यक्रमांच्या तारखा मकाय स्वतः फोनवर ठरवणार, प्रवास व्हॅनने, मुक्काम अनेकदा ओळखीच्यांकडे, प्रकाशयोजना जुजबी. सर्व वयांचा आग्रह धरल्यावर दारूच्या विक्रीवर चालणारे बार आपोआप मागे पडत. मग चर्चची, शाळांची, वस्तीतली सभागृहं शोधावी लागत आणि तिथे स्थानिक तरुण मंडळीच आयोजक होत. म्हणजे पाच डॉलरच्या तिकिटामागे शहरोशहरीच्या ओळखी होत्या. ज्याला कुणाची मदत नको, त्याला हे तिकीट परवडलंच नसतं.

बँडबाहेरच्या भागीदाऱ्या पाहिल्या की हेच आणखी स्पष्ट होतं. बिकिनी किल या स्त्रीवादी बँडच्या पहिल्या ईपीचं ध्वनिमुद्रण १९९१मध्ये मकाय यांनी केलं, पण ते प्रसिद्ध झालं ‘किल रॉक स्टार्स’ या दुसऱ्याच लेबलकडून. शिकागोच्या अल जॉर्गेन्सन यांच्याबरोबर त्यांनी ‘पेलहेड’ नावाने गाणी केली, तेव्हा जॉर्गेन्सन यांचा मिनिस्ट्री हा बँड सायर या बड्या कंपनीकडे होता. त्याचा विटाळ मानला गेला नाही. फसलेली भागीदारीही बोलकी आहे. फुगाझीने १९९२मध्ये शिकागोत ध्वनितंत्रज्ञ स्टीव्ह अल्बिनी यांच्याकडे नव्या अल्बमची गाणी ध्वनिमुद्रित केली. ती जमलेली नाहीत असं दोन्ही बाजूंना वाटल्यावर सगळं बाजूला ठेवून निर्माते टेड नाइसली यांच्यासोबत ‘इनर इअर’मध्ये ती पुन्हा केली, आणि ‘इन ऑन द किल टेकर’ १९९३मध्ये आला. उचल घेतलेल्या बँडचा असा फसलेला खर्च सहसा त्याच्याच खात्यावर चढतो. इथे उचलच नव्हती, त्यामुळे नको ते काम बाजारात आणण्याची सक्ती त्यांच्यावर कुणी केली नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की हे सुखवस्तू घरच्यांनाच जमतं. मकाय यांचे वडील ‘वॉशिंग्टन पोस्ट’चे पत्रकार होते; डोक्यावरच्या छपराची चिंता नसलेल्या मुलाला धाडस सोपं जातं, हे मान्यच करायला हवं. पण सुरुवात का करता आली, एवढंच त्यातून कळतं. तशाच घरांतली कितीतरी मुलं करारांवर सह्या करून मोकळी झाली आणि डिस्कॉर्ड मात्र टिकलं, याचं कारण हिशेबाच्या पद्धतीत शोधावं लागतं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. निर्वाणा हा बँड मोठ्या कंपनीकडे गेला म्हणून त्याचा ‘नेव्हरमाइंड’ (१९९१) हा अल्बम जगभर पोचला; बड्या कंपन्यांना नकार देऊन फुगाझीने आपलाच आवाका कमी केला नाही का? केला. पण कंपनीकडे जाणाऱ्या प्रत्येक बँडचा निर्वाणा होत नाही. मोजक्यांच्या यशावर कंपनीचा ताळेबंद सावरतो, बाकीच्यांच्या वाट्याला न फिटलेली उचल येते. तुलना करायची तर या बाकीच्यांशी करायला हवी, आणि तिथे फुगाझीची बाजू भक्कम ठरते. हजाराहून अधिक कार्यक्रम, देशोदेशीचे दौरे आणि सगळ्या ध्वनिमुद्रणांवर स्वतःचा हक्क!

तिसरा आक्षेप काळाचा. तबकड्या विकल्या जात होत्या तेव्हा हे चाललं. आज स्ट्रीमिंगच्या जमान्यात काय? पाच डॉलरचा आकडा आज कुणी तसाच उचलला, तर तो तोट्यात जाईल यात शंका नाही. पण मुद्दा आकड्याचा नाही. बँड थांबल्यानंतर, २०११पासून, फुगाझीने आपल्या आठशेहून अधिक कार्यक्रमांची जपून ठेवलेली ध्वनिमुद्रणं इंटरनेटवर खुली करायला सुरुवात केली आणि सुचवलेली किंमत पुन्हा पाच डॉलरच ठेवली. मालकी दुसऱ्याची असती, तर हा निर्णय त्यांच्या हाती नसता. आकडा जुना होतो, पण निर्णय आपल्या हाती ठेवणारी मांडणी अजून कामाची आहे. नव्या बँडने डिस्कॉर्डकडून घ्यायचं ते हेच: पहिल्या कार्यक्रमाआधी एकत्र बसून खर्च कुणाचा, मालकी कुणाची आणि वेगळं होताना काय करायचं, हे बोलून घ्यावं. या बोलण्यात बऱ्याचदा वगळला जातो तो ध्वनिमुद्रण करणारा तंत्रज्ञ. त्याने रॉयल्टीत वाटा मागावा की ठरावीक मजुरी घ्यावी, यावर अल्बिनी यांची ठाम भूमिका होती. तिची तपासणी पुढच्या लेखांकात.