वरळी-परळचे मध्ययुग : समज आणि पुरावा

वरळीच्या बीडीडी चाळी 1920च्या दशकात मुंबई विकास खात्याने बांधल्या. या भागाचा इतिहास फार तर गिरण्यांपासून सुरू होतो, त्याआधी इथे कोळीवाडे आणि खाजण सोडून काही नव्हते, असे सर्रास सांगितले जाते. शेजारच्या परळात सापडलेला शके 1108चा, म्हणजे इ.स. 1187चा शिलालेख वेगळेच सांगतो. तो उत्तर कोकणचा शिलाहार राजा अपरादित्य याच्या काळातला आहे. षट्षष्टी म्हणजे साष्टीतल्या एका वाडीच्या उत्पन्नातून 24 द्रम्म (नाणी) वैद्यनाथाच्या पूजेसाठी लावून दिल्याची त्यात नोंद आहे. वाडी, उत्पन्न, नाणे, देवस्थान असा सगळा कारभार इथे तेव्हाच चालू होता.

लेखाचा मजकूर संस्कृत, पण अखेरची शापवाणी मराठी. दान मोडणाऱ्याला घातलेली ही शिवी आहे. या शिवीचे चित्र म्हणून गाढव आणि स्त्री कोरलेल्या दगडांना गद्धेगाळ म्हणतात. कुठे ते अश्लील ठरवून पालथे घातले जातात, कुठे शेंदूर फासून पुजले जातात. प्रत्यक्षात असा दगड जमिनीच्या हक्काचा दस्तऐवज असतो. संस्कृत न जाणणाऱ्या कुळाला आणि गावकऱ्यालाही धाक कळावा, म्हणून शाप लोकभाषेत, असा अर्थ अभ्यासक लावतात आणि तो पटण्याजोगा आहे.

शिलालेखांखेरीज दुसरे साधन म्हणजे बखरी. त्यांच्याबद्दल दोन टोके दिसतात : बखरीत आहे म्हणून खरे, किंवा बखर म्हणजे निव्वळ भाकडकथा. वि. का. राजवाडे यांनी 1924 साली प्रसिद्ध केलेली ‘महिकावतीची बखर’ याचे चांगले उदाहरण आहे. तिची सहा प्रकरणे एका हातची नाहीत, एका काळातलीही नाहीत. माहीमला राजधानी करणारा बिंब राजा एका परंपरेत बाराव्या शतकात येतो, तर दुसरीत देवगिरीच्या रामदेवरावाचा मुलगा म्हणून तेराव्याच्या अखेरीस. त्यामुळे कालक्रम ताम्रपट-शिलालेखांवरून ठरवावा लागतो. बखर उपयोगी पडते ती कुळे, गावे, वतने आणि पुढच्या पिढ्यांनी जपलेली आठवण समजून घ्यायला. तिथे तिच्याइतके बोलके साधन क्वचितच मिळते.

मध्ययुग म्हणजे अंधारयुग, ही कल्पना युरोपातून आली आणि तिथल्याही अभ्यासकांनी ती केव्हाच सोडली. महाराष्ट्रात तर लीळाचरित्र आणि ज्ञानेश्वरी तेराव्या शतकातल्या. माहीमचे मखदूम अली माहिमी हे केवळ नवसाला पावणारे पीर म्हणून ओळखले जातात. 1431च्या सुमारास निधन पावलेल्या या विद्वानाने कुराणावर अरबीत भाष्य लिहिले होते.

परळची सुमारे साडेतीन मीटर उंचीची शिवप्रतिमा या सगळ्यांहून जुनी, सहाव्या शतकातली मानली जाते. ती 1931 साली रस्त्याच्या कामात सापडली आणि आज बारादेवी मंदिरात आहे. आता चाळी पाडून टॉवर उभे राहत आहेत. पाया खणताना सूर्य-चंद्र किंवा अक्षरे कोरलेला दगड दिसला, तर त्याला शेंदूर न लावता, जागेवरून न हलवता राज्याच्या पुरातत्त्व खात्याला कळवावे.