हौशी मंडळींनी उभी केलेली चित्रसृष्टी

आजचा विषय पत्रिकेत वाचून आपल्यापैकी कित्येकांच्या कपाळाला आठी पडली असेल, याची मला कल्पना आहे. वसंत व्याख्यानमालेसारख्या ठिकाणी मुलांच्या कार्टूनवर काय बोलावयाचे? पण विषय वाटतो तितका परका नाही. १९९३ साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘जंगल बुक’ लागत असे, ते आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. मोगली, बगीरा, शेरखान आणि गुलजारांचे ते गाणे मुलांइतकेच आईबापांच्याही तोंडी बसले होते. कथा एका इंग्रज लेखकाची, अरण्य आपल्या मध्यप्रदेशातले, बोल हिंदी. चित्रे मात्र काढली होती जपानी माणसांनी. ‘निप्पॉन ॲनिमेशन’ या संस्थेने १९८९ साली ही ५२ भागांची मालिका जपानी मुलांसाठी तयार केली होती. म्हणजे ‘ॲनिमे’ हा शब्द आपल्या कानी पडण्यापूर्वीच ती वस्तू आपल्या दिवाणखान्यात येऊन बसली होती.

‘ॲनिमे’ म्हणजे ‘ॲनिमेशन’ या शब्दाचे जपान्यांनी केलेले लघुरूप. जपानात हलत्या चित्रांच्या कोणत्याही पटाला ॲनिमे म्हणतात. जपानाबाहेर मात्र तो शब्द जपानी पटांपुरता उरला आहे.

या कलेविषयी बोलताना तिच्यातील पात्रांचे मोठाले डोळे आणि रंगीबेरंगी केस यांचीच चर्चा फार होते. मला त्यापेक्षा तिचा प्रेक्षक अधिक नवलाचा वाटतो. आपल्याकडे ‘हौशी’ हा शब्द थोडा खालच्या पट्टीत उच्चारला जातो. हौशी नट म्हणजे दिवसा कचेरीत काम करून रात्री तालमीला जाणारा. त्याचे कौतुक होते, पण त्याला धंदेवाइकांच्या पंक्तीला कोणी बसवीत नाही. जपानातील या कलेच्या इतिहासात हौशी माणूस प्रेक्षागृहातून उठला, पडद्यामागे गेला आणि पुढे कारखान्याचा धनी झाला. आणि गंमत अशी, की ज्या हौसेने ही कला वाढविली तिनेच तिच्या कारागिरांना अर्धपोटी ठेवले आहे. आज या दोन्ही गोष्टी आपणांपुढे मांडावयाच्या आहेत.

आधी थोडे तंत्राविषयी. पडद्यावरचा चित्रपट सेकंदाला २४ चित्रे या वेगाने धावतो. स्थिर वस्तूचे एकेक चित्र घेत गेल्यास ती हलू लागते, हे आपल्या दादासाहेब फाळक्यांनी फार लवकर ओळखले होते. वाटाण्याचे रोप कसे वाढते हे त्यांनी कॅमेऱ्यासमोर थोडेथोडे टिपून दाखविले, आणि १९१५ साली ‘आगकाड्यांची मौज’मध्ये काड्यापेटीतील काड्या नाचविल्या. तोही हौसेचाच मामला होता. पण तेथे वस्तू आयती होती. येथे ती हाताने काढावयाची. एका सेकंदासाठी बारा, प्रसंगी चोवीस चित्रे धरली, तर अर्ध्या तासाच्या खेळाला किती हात लागतील याचा हिशेब आपणच करावा. वॉल्ट डिस्ने यांनी हा खर्च केला, कारण त्यांचा एकेक चित्रपट कित्येक वर्षांनी निघे आणि जगभर चाले. दर आठवड्याला नवा भाग द्यावयाचा, तर ही रीत परवडणारी नव्हती.

हे कोडे सोडविणारा माणूस स्वतः डिस्नेचा निस्सीम भक्त होता. ओसामु तेझुका यांचा जन्म १९२८ सालचा. घरी वडिलांनी एक लहानसा प्रोजेक्टर आणलेला होता, त्यावर या मुलाने डिस्ने आणि चॅप्लिन पाहिले. पुढे त्यांनी ओसाका विद्यापीठात वैद्यकाचे शिक्षण पुरे केले, पण दवाखाना काही थाटला नाही. चित्रकथाच काढीत राहिले. ‘बांबी’ हा डिस्नेपट आपण ऐंशीहून अधिक वेळा पाहिला, असे ते सांगत. १ जानेवारी १९६३ या दिवशी त्यांच्या ‘तेत्सुवान आतोम’ या यंत्रबालकाची साप्ताहिक मालिका दूरचित्रवाणीवर सुरू झाली. त्याच वर्षी ती ‘ॲस्ट्रो बॉय’ या नावाने अमेरिकेतही गेली.

तेझुकांची युक्ती काटकसरीची होती. सेकंदाला आठच चित्रे काढावयाची. पात्र बोलत असेल तर ओठ तेवढे हलवावयाचे. चेहरा स्थिर ठेवून कॅमेराच सरकवावयाचा. धावण्याचे एक चित्र पुन्हा कधीतरी उपयोगी पडेल म्हणून ते जपून ठेवावयाचे आणि दहा भागांत वापरावयाचे. आपल्या गृहिणी शिळ्या भाताचा फोडणीचा भात करतात त्यातलाच हा प्रकार. डिस्नेच्या चाहत्याने डिस्नेच्या रीतीला दिलेला हा काडीमोडच होता. परंतु हालचाल कमी झाली, म्हणून भार कथेवर पडला, आणि कथेला विस्तार हवा म्हणून ती अंतराळात गेली. आरित्सुने तोयोता यांच्यासारख्या विज्ञानकथालेखकांना या मालिकांच्या पटकथा लिहिण्याचे काम मिळू लागले, ते याच काळात.

तेझुकांनी आणखी एक गोष्ट केली. तिचे परिणाम आजही भोगले जात आहेत. मालिका पदरात पडावी म्हणून त्यांनी ती खर्चाहून कमी दरात विकली. तूट खेळणी आणि इतर वस्तूंवर पात्रांची चित्रे छापण्याच्या हक्कांतून भरून काढावी, हा त्यांचा हिशेब. काही काळ तो जमलाही. पण भाव एकदा खाली गेला की तो वर चढत नाही. तेझुकांची ‘मुशी’ ही संस्था स्वतः १९७३ साली दिवाळखोरीत गेली.

आता प्रेक्षकांकडे वळू. अमेरिकेत ह्यूगो गर्न्सबॅक यांनी १९२६ साली ‘अमेझिंग स्टोरीज’ हे विज्ञानकथांचे मासिक काढले. त्यात वाचकांची पत्रे पत्त्यांसह छापली जात. पत्ते मिळाल्यावर वाचक एकमेकांना लिहू लागले, त्यांची मंडळे झाली, मंडळांची हस्तपत्रके निघाली आणि १९३९ साली न्यूयॉर्कला पहिले जागतिक संमेलन भरले. त्या संमेलनात फॉरेस्ट ॲकरमन नावाचा एक तरुण भविष्यकाळातील माणसाचा पोशाख घालून हिंडत होता. तो पोशाख त्याची मैत्रीण मर्टल डग्लस हिने तयार केला होता. पात्रांचे सोंग घेऊन संमेलनाला जाण्याची प्रथा तेव्हापासूनची. तिला ‘कॉस्प्ले’ हे नाव मात्र पुढे १९८०नंतर जपान्यांनी दिले.

जपानात हे लोण नेले ताकुमी शिबानो या गणिताच्या शाळामास्तरांनी. १९५७ साली त्यांनी ‘उचूजिन’, म्हणजे अंतराळातील धूळ, या नावाचे हौशी नियतकालिक सुरू केले. शिनइची होशी यांच्यासारखे पुढे घरोघर वाचले गेलेले लेखक या धुळीतूनच वर आले. १९६२ साली तोक्योला पहिले विज्ञानकथा संमेलन भरले, आणि त्यानंतर ते दरवर्षी वेगवेगळ्या गावी भरत राहिले. यजमान गावचे हौशी लोकच सारी व्यवस्था पाहत. आपल्या साहित्य संमेलनांशी याचे साम्य आहे, आणि रुसवेफुगवेही तेथे कमी नसावेत.

या प्रेक्षकांची ताकद धंदेवाइकांना कळावयास १९७४ साल उजाडले. ‘यामातो’ या अंतराळनौकेची मालिका त्या वर्षी लागली. त्याच वेळी दुसऱ्या वाहिनीवर ‘हायडी’ ही आल्प्सच्या डोंगरातील मुलीची लोकप्रिय मालिका चालू होती. यामातोला प्रेक्षक मिळेनात, आणि ठरल्याहून आधीच २६ भागांत ती गुंडाळण्यात आली. पण ज्या थोड्यांनी पाहिली त्यांनी ती सोडली नाही. त्यांनी मंडळे काढली, पत्रके छापली, पुन्हा दाखवा म्हणून मागणी लावून धरली. १९७७ साली त्याच भागांची जुळणी करून चित्रपट काढला, तेव्हा तरुण मुले आदल्या रात्रीपासून चित्रगृहांपुढे रांगा लावून बसली. १९७९ सालच्या ‘गंडाम’चीही तीच कथा. तीही मालिका वेळेआधी बंद झाली आणि नंतर चाहत्यांनी उचलून धरली. ‘हे मुलांचे आहे’ असे समजणाऱ्या व्यापाऱ्यांना ही मुले मोठी झाल्याचे तेव्हा कुठे उमगले.

दरम्यान २१ डिसेंबर १९७५ रोजी तोक्योत एक लहानसा बाजार भरला. स्वतः काढलेल्या चित्रकथांच्या पुस्तिका विकण्यासाठी ३२ मंडळे आली, सुमारे ७०० माणसे जमली. हाच ‘कोमिके’. तो आता दरवर्षी उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात भरतो. २०१९ साली चार दिवसांत सात लाखांवर लोक आल्याची नोंद आहे. या बाजारात ‘गिऱ्हाईक’ हा शब्द वापरीत नाहीत. विकणारा, घेणारा, रांगा लावणारा, सारेच ‘सहभागी’.

येथे विकल्या जाणाऱ्या कित्येक पुस्तिकांत दुसऱ्याची पात्रे असतात. कोणी यामातोच्या कप्तानाची नवी कथा रचतो, कोणी दोन नायकांची गाठ घालून देतो. आपण म्हणाल, ही तर चोरी! कायद्याने पाहिले तर आपले म्हणणे खोडून काढणे अवघड आहे. पण मूळ लेखकाने फिर्याद केल्याशिवाय सरकारने हात घालावयाचा नाही, अशी जपानी कायद्याची जुनी रीत होती, आणि बहुतेक लेखक फिर्याद करीत नसत. २०१८ साली कायदा बदलला, तेव्हाही अशा पुस्तिका जुन्या रीतीखालीच ठेवण्यात आल्या. ही केवळ उदारता नाही. उद्याचा चित्रकार याच गर्दीत पुस्तिका विकत उभा आहे, हे धंद्यातील लोकांना ठाऊक असते. ‘क्लॅम्प’ या नावाने जगभर वाचला जाणारा स्त्रीचित्रकारांचा संच अशाच मंडळांतून आला. तसे पाहिले तर रामाची कथा हक्क विचारून कोणी पुन्हा सांगितली आहे? अर्थात वाल्मीकींना पुस्तकाच्या खपावर पोट भरावयाचे नव्हते, हेही खरे.

या साऱ्या गोष्टीचा कळस म्हणजे १९८१ सालचे ओसाकाचे संमेलन. त्याचे नाव ‘दाइकोन ३’. ओसाकातील ‘ओ’ हे अक्षर ‘दाइ’ असेही वाचता येते, आणि ‘दाइकोन’ म्हणजे जपानी भाषेत मुळा! संमेलनाच्या आरंभी दाखविण्यासाठी कला विद्यापीठातील तीन विद्यार्थ्यांनी, हिदेआकी आन्नो, हिरोयुकी यामागा आणि ताकामी आकाई यांनी, मित्रमंडळींच्या मदतीने आठ मिलिमीटरच्या फितीवर काही मिनिटांचा पट केला. चित्रे रंगविण्याचे पारदर्शक पत्रे महाग पडत, म्हणून त्यांनी स्वस्त व्हिनिलचे तुकडे वापरले. गोष्ट साधी आहे. पाठीवर दप्तर घेतलेल्या एका शाळकरी मुलीला पेलाभर पाणी देतात आणि ते सुकत चाललेल्या मुळ्याला घालावयास सांगतात. वाटेत नाना चित्रपटांतले राक्षस आणि यंत्रमानव तिला अडवितात. ती लढते, पाणी पोहोचविते, मुळा टवटवीत होऊन अंतराळयान बनतो, आणि मुलगी त्याची कप्तान होते.

त्या खेळानंतर खुद्द तेझुका म्हणाले, की पात्रे पुष्कळ होती, पण काही नव्हतीही, असे सांगतात. त्यांची स्वतःची पात्रे राहून गेली होती, हे पोरांना मागाहून उमगले. १९८३ च्या ‘दाइकोन ४’मध्ये त्यांनी ती चूक सुधारली. हा दुसरा पट धंदेवाइकांनी तोंडात बोट घालावे असा आहे. मात्र त्यातील इंग्रजी गाण्याची वा शेकडो पात्रांची परवानगी कोणी घेतली नव्हती. ज्याचे हक्क मागावयास जावे तर आयुष्य सरेल, असे ते प्रेमपत्र होते.

याच मंडळींनी १९८४ साली ‘गायनाक्स’ नावाची संस्था काढली, आणि १९८७ साली ‘ओनेआमिस’ हा खर्चिक चित्रपट केला. तो गल्ल्यावर पडला. १९९५ साली आन्नोंनी ‘एव्हान्गेलियोन’ ही मालिका दिली, आणि तिने त्या पिढीला झपाटले. प्रचंड यंत्रात बसून जग वाचवावे म्हणून धाडलेला तिचा नायक त्या यंत्रात बसावयासच भितो. चाहत्यांनी चाहत्यांविषयी काढलेले ते चित्र होते, आणि फार सौम्य नव्हते. अशा चाहत्यांना जपानात ‘ओताकु’ म्हणतात. मुळात हा शब्द ‘आपले घर’ या अर्थाचे अदबीचे संबोधन. ओळख नसलेली ही मुले एकमेकांना ‘आपण, आपण’ म्हणत, म्हणून १९८३ साली एका लेखकाने त्यांना हे नाव चेष्टेने दिले. पुढे एका भीषण गुन्ह्यानंतर ती शिवी झाली, आणि आज तोच शब्द लोक अभिमानाने मिरवितात.

आता दुसरी बाजू. जपानी चित्रकारांच्या संघटनेने २०१५ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. मुख्य चित्रांच्या मधली चित्रे काढणाऱ्या नवशिक्यांची वर्षाची सरासरी प्राप्ती तीत सुमारे ११ लाख येन आढळली. तोक्योत एवढ्यावर खोलीचे भाडे देऊन जेवणे कठीण. पुष्कळांना चित्रामागे मोल मिळते, म्हणजे हात दुखला की मिळकत थांबली. तेझुकांच्या जुन्या भावाला सारा दोष देणे सोपे आहे, आणि पुष्कळ जण तो देतातही. मला ते अर्धेच खरे वाटते. भाव खाली राहतो, कारण त्या भावात काम करावयास नवा मुलगा दारात उभा असतो. त्याने यामातो पाहिलेला असतो किंवा एव्हान्गेलियोन. ‘आवडीचे काम आहे ना?’ असे विचारले, की त्याला पुढे बोलता येत नाही. आपल्याकडे शाहिरांना आणि तमाशातल्या कलावंतांना हाच प्रश्न विचारला गेला आहे.

गायनाक्समधून आन्नो बाहेर पडले आणि २००६ साली त्यांनी ‘खारा’ ही स्वतःची संस्था काढली. जुन्या संस्थेचा कारभार बिघडत गेला, कर्ज वाढले, आणि २०२४ च्या मे महिन्यात तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. तिचे नाव आता खाराकडे आले आहे. मुळ्याला पाणी घालणारी ती मुलगी मात्र कोणाच्या मालकीची, हे सांगणे आजही सोपे नाही. तिच्या फिती गेली चाळीस वर्षे चाहते एकमेकांना नकलून देत आले आहेत, आणि ज्यांना ती पाहावयाची असते त्यांना ती कोठे ना कोठे मिळतेच.