सावलीतील व्यक्तिचित्र

व्यक्तिचित्रणात चितारणारा आणि चितारला जाणारा यांचे नाते ठरलेले असे. समोर बसणाऱ्याने स्थिर राहावयाचे. पाहण्याचा अधिकार चित्रकाराचा. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील व्यक्तिचित्रणाची भक्कम परंपरा याच पायावर उभी राहिली. त्याच शाळेत शिल्पकला शिकलेल्या शिल्पा गुप्ता (जन्म १९७६) यांच्या संगणकाश्रित कृतींत मात्र हे नाते पार पालटलेले दिसते.

‘शॅडो’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्यांच्या मालिकेतील तिसरी कृती २००७ ची. प्रेक्षक भिंतीसमोर आला की कॅमेरा त्याची आकृती टिपतो आणि संगणक ती सावलीच्या रूपाने त्याच क्षणी भिंतीवर उमटवितो. प्रेक्षक हात हलवितो, सावलीही हलविते. येथवर हा आरसाच. पण मग वरून दोरीवरून निरनिराळ्या वस्तूंच्या सावल्या घसरत येतात व त्याच्या सावलीला चिकटतात. अंग झटकले तरी सुटत नाहीत. हळूहळू त्या ओझ्याखाली माणूस ओळखू येईनासा होतो.

सावलीला चेहरा नसतो. तरीही प्रेक्षक ‘हा मीच’ असे क्षणात म्हणतो. ही ओळख साम्यावरून पटत नाही, ती पटते हालचालींच्या एकवेळपणावरून. व्यक्तिचित्राच्या व्याख्येतून सादृश्य वगळले तरी काही उरते, हे येथे प्रत्यक्ष दिसते. डॅनियल रोझिन यांच्या लाकडी आरशातही (१९९९) ८३० लाकडी तुकडे कलून पाहणाऱ्याची प्रतिमा घडवितात. परंतु ती प्रतिमा आज्ञाधारक आहे. गुप्तांची सावली तशी नाही. अर्धी ती प्रेक्षकाची, अर्धी कलावंताने आधीच लिहून ठेवलेल्या आज्ञावलीची. पिंगुळीच्या ठाकर कलावंतांच्या चामड्याच्या बाहुल्यांत सूत्रधार पडद्यामागे असतो व प्रेक्षक निर्धास्त. येथे प्रेक्षकच बाहुली.

गुप्तांच्या २००४-०५ मधील एका कृतीत लष्करी छापाच्या वेषातील साऱ्या स्त्रिया म्हणजे त्या स्वतःच. प्रेक्षकाने एकीची निवड केली की इतर तिचे अनुकरण करू लागतात. आत्मचित्र कलावंताचे, हुकूम परक्याचा!

आज खुटबावसारख्या गावीही हातातील फोनवर स्वतःची छबी घेणे नवलाचे उरलेले नाही. त्या छबीचा मालक आपण, असा समज सहज होतो. ‘शॅडो’मध्ये मात्र प्रेक्षक दालनाबाहेर पडताच त्याची सावलीही भिंतीवरून जाते. संग्रहालय जपून ठेवते ती आज्ञावली. ज्यांच्यामुळे ती चित्ररूप झाली ती माणसे नव्हेत.