ऑक्सिजनची हाव

विजेच्या खांबावर, तारेच्या खाली, चिनी मातीचे पांढरे इन्सुलेटर बसवलेले असतात. वीज तारेतच राहावी, खांबात उतरू नये, एवढंच त्यांचं काम. चिनी माती म्हणजे मुख्यतः सिलिकॉन आणि ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडं. वाळू, गंज, माणिक हीसुद्धा ऑक्साइडंच. ऑक्सिजन धातूचे इलेक्ट्रॉन ओढून घेतो आणि सहसा सोडत नाही. मग वाहणार तरी काय? आणि तरीही फोनची बॅटरी ऑक्साइडवर चालते, कित्येक फोनांच्या पडद्यामागे ऑक्साइडचेच ट्रान्झिस्टर असतात. मला नवल वाटतं ते याचं, की दोन्हीकडे उपयोगी पडते ती ऑक्सिजनची ही हावच.

आधी बॅटरी. 1970 च्या दशकात स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी टायटॅनियम आणि गंधकाच्या थरांत लिथियम शिरवून सुमारे अडीच व्होल्ट मिळवले होते. चार्ज झालेल्या बॅटरीचा धन ध्रुव इलेक्ट्रॉन जितक्या जोराने ओढेल तितका व्होल्टेज जास्त. पण हा जोर फार वाढवला, तर गंधक स्वतःचेच इलेक्ट्रॉन देऊन बसतो. ऑक्सफर्डमधले जॉन गुडइनफ यांना हे दिसलं, कारण त्याआधी अमेरिकेत त्यांनी संगणकाच्या स्मृतीसाठी चुंबकीय ऑक्साइडांवर काम केलेलं होतं. गंधकाच्या जागी ऑक्सिजन आणावा, तो आपले इलेक्ट्रॉन सहजी सोडणार नाही, असा त्यांचा हिशेब. 1980 मध्ये कोइची मिझुशिमा आणि इतर सहकाऱ्यांबरोबर त्यांनी लिथियम कोबाल्ट ऑक्साइडचा धन ध्रुव जाहीर केला. व्होल्टेज चारच्या घरात! कोबाल्ट-ऑक्सिजनचे थर, मधल्या फटींत लिथियम. चार्ज करताना लिथियम बाहेर पडतो आणि कोबाल्ट एकेक इलेक्ट्रॉन देतो. गंमत अशी, की लिथियम निघू लागला की हा मुळात वीज जेमतेम वाहू देणारा पदार्थ धातूसारखा वागू लागतो. 1991 मध्ये सोनीने अशी बॅटरी बाजारात आणली. गुडइनफ यांना नोबेल मिळालं 2019 मध्ये, वयाच्या 97 व्या वर्षी. एवढा उशीर का, हे स्वीडनवाल्यांनाच ठाऊक.

आता पडदा. स्फटिकातल्या सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉन सुसाट धावतात, पण मोठ्या काचेवर स्फटिक पसरवणं अवघड. अस्ताव्यस्त रचनेचा सिलिकॉन सहज पसरतो. मात्र त्याचे बंध ठराविक दिशांनाच जुळतात आणि रचना विसकटली की इलेक्ट्रॉनचा वेग शेकडो पटींनी कोसळतो. तोक्योचे हिदेओ होसोनो यांनी वेगळ्या जागी पाहिलं. इंडियमसारख्या जड धातूच्या ऑक्साइडमध्ये इलेक्ट्रॉन धातूच्या बाहेरच्या कक्षांमधून जातो, आणि या कक्षा मोठ्या व गोल असतात. पोत्यात बटाटे कसेही ओतले तरी ते एकमेकांना टेकलेलेच राहतात. तशा या कक्षा रचना बिघडली तरी एकमेकींत शिरलेल्याच. 2004 मध्ये होसोनोंच्या गटाने इंडियम, गॅलियम आणि जस्त यांच्या ऑक्साइडचे ट्रान्झिस्टर चक्क वाकणाऱ्या प्लास्टिकवर, खोलीच्या तापमानाला बनवले. अस्ताव्यस्त सिलिकॉनपेक्षा इलेक्ट्रॉन साधारण दहापट चपळ, आणि थर आरपार दिसणारा.

आरपार का? पुन्हा तीच हाव. ऑक्सिजनने इलेक्ट्रॉन इतके खोल धरलेले असतात, की त्यांना वर उचलायला तीन इलेक्ट्रॉन-व्होल्टहून जास्त ऊर्जा लागते. दिसणाऱ्या प्रकाशात बहुतांशी तेवढा दम नसतो, म्हणून तो सरळ निघून जातो. याच कारणाने बंद ट्रान्झिस्टरमधून गळतीही जवळजवळ होत नाही. चित्र स्थिर असेल तर काही फोन पडदा सेकंदाला एकदाच ताजा करतात, ते याच्या जोरावर. आणि बॅटरी वाचते. (याच होसोनोंनी सिमेंटमध्ये आढळणाऱ्या कॅल्शियम-ॲल्युमिनियम ऑक्साइडमधला थोडा ऑक्सिजन काढून त्यातूनही वीज वाहवली आहे. त्यावर वेगळा लेख लिहावा लागेल.)

पण या धरून ठेवण्यालाही सीमा आहे. कोबाल्ट ऑक्साइडमधला निम्म्याहून फार जास्त लिथियम काढला तर थर ढासळू लागतात, आणि तापल्यावर ऑक्सिजन सुटतो. बॅटरीला आग लागते तेव्हा हा सुटलेला ऑक्सिजन तिला आतूनच मदत करतो. म्हणून निकेल आणि मँगेनीजची मिश्रणं आली. आता तर काही प्रयोगशाळा उलटाच डाव खेळत आहेत: लिथियम जादा घातलेल्या ऑक्साइडांत त्या ऑक्सिजनलाच इलेक्ट्रॉन द्यायला लावतात. साठवण वाढते खरी, पण धातूचे अणू जागा सोडतात, थोडा ऑक्सिजन वायू होऊन निसटतो आणि दर चार्जिंगगणिक व्होल्टेज थोडा थोडा उतरत जातो.