लॅपटॉपवर ५.१, रिसीव्हरवर मात्र स्टिरिओ

रिसीव्हरला सहा स्पीकर जोडलेले असूनही लॅपटॉपचा आवाज पुढच्या दोनांतूनच येतो, तेव्हा दोष बहुधा स्पीकरचा नसतो, वाटेचा असतो. ऑप्टिकल केबलमधून पीसीएम आवाज फक्त २ चॅनेलचा जातो. ५.१ हवा तर तो डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएसमध्ये आवळूनच पाठवावा लागतो. चित्रपटाच्या फाइलला सराउंड मिळतो आणि गेमला मिळत नाही, या कोड्याचे उत्तर बहुतेकदा इथेच असते. एचडीएमआयला ही अडचण नाही. त्यातून ८ चॅनेल पीसीएम सरळ जातात.

मात्र मध्ये टीव्ही आला की गाडी अडते. लॅपटॉप समोरच्या उपकरणाची क्षमता विचारून घेतो. टीव्हीने ‘२ चॅनेल’ सांगितले की विंडोजमध्ये ५.१ चा पर्यायच उमटत नाही. शिवाय टीव्हीकडून रिसीव्हरकडे साध्या एआरसीने बहुचॅनेल पीसीएम जात नाही, त्याला ईएआरसी लागते. त्यापेक्षा लॅपटॉप थेट रिसीव्हरला आणि रिसीव्हर टीव्हीला, ही जोडणी बरी.

मग साउंड कंट्रोल पॅनेलच्या प्लेबॅक यादीत रिसीव्हर निवडून ‘कॉन्फिगर’मध्ये ५.१ ठरवावे आणि ‘टेस्ट’ दाबून एकेक स्पीकर ऐकावा. चाचणी नीट पण चित्रपट स्टिरिओच, तर फाइलचा ऑडिओ ट्रॅक आणि प्लेअरची सेटिंग पाहावी. सगळे स्पीकर वाजणे हाही पुरावा नव्हे, कारण रिसीव्हर स्टिरिओलाच चहूकडे पसरवू शकतो. त्याच्या डिस्प्लेवर दिसणारे इनपुट सिग्नलचे नाव कानांपेक्षा भरवशाचे.